क्लासिक ३५०, डबलसीट आणि सांगली ते लेह: टायर कोणते घालायचे?

सांगलीच्या एका वाचकाने विचारलंय: जूनअखेरीला ते आणि त्यांच्या पत्नी क्लासिक ३५०वर लेहला निघणार आहेत. जाताना पुणे-नाशिक-इंदूर-जयपूर-चंडीगड-मनाली, येताना कारगिल-श्रीनगर. गाडीला स्पोकची चाकं आहेत, टायर कंपनीतून आलेलेच, अकरा हजार किलोमीटर चाललेले. दुकानदार म्हणतो बटण टायर घाला, मित्र म्हणतो आहेत तेच आरामात जातील. त्यांना तीन गोष्टी कळायला हव्या आहेत: टायर कोणते घ्यावेत, चाकं ट्यूबलेस करून घ्यावीत का, आणि जुना टायर मागे बांधून न्यावा का.

आधी उत्तर देतो, कारणं नंतर. मागचा टायर नवा घाला. पुढचा तपासून ठरवा, बहुधा तोही बदलावा लागेल. दोन्ही रस्त्याच्याच नक्षीचे घ्या, फार तर थोडे रुंद खाचांचे. बटण टायर नको. ट्यूबलेसचा विचार या ट्रिपपुरता सोडा, आणि जुना टायर घरीच ठेवा.

माझं वर्कशॉप नाशिकला मुंबई-आग्रा हायवेलगत आहे. पुण्याकडून उत्तरेला जाणाऱ्या गाड्या जाताना इथून जातात आणि बऱ्याचशा येतानाही इथूनच येतात. जाताना टायरवर काय होतं आणि येताना काय उरतं, हे दर सीझनला बघायला मिळतं. लडाखहून आलेल्या गाड्यांचे टायर लडाखने खाल्लेले क्वचितच असतात. ते खाल्लेले असतात माळव्याच्या आणि राजस्थानच्या उन्हाने, कमी हवेने आणि कॅरिअरवर बांधलेल्या बॅगांनी.

हिशेब बघा. जाऊन-येऊन, लेहपलीकडचं नुब्रा खोरं आणि पँगाँग तलाव धरून, तुमचं रनिंग सहा हजारांच्या आसपास जाईल. त्यात खरोखर मोडलेला रस्ता, नाले, खडी, वाळू किती? मनाली-लेहचे काही तुकडे, नुब्रा-पँगाँगच्या वाटेवरचे काही, झोजीलाचा घाट. सगळं मिळून काहीशे किलोमीटर. पूर्वी रोहतांगचा चिखल हाच पहिला पेपर असायचा. ३ ऑक्टोबर २०२० रोजी रोहतांगखालून जाणारा अटल बोगदा सुरू झाल्यापासून तोही गेला. म्हणजे नव्वद टक्क्यांहून जास्त प्रवास साध्या डांबरावर आणि सिमेंट काँक्रीटवर आहे. टायर निवडायचा तो या नव्वद टक्क्यांसाठी. पण दुकानात उभं राहिलं की डोळ्यांसमोर खारदुंगला खिंडीचा फोटो येतो आणि माणूस बटण टायरवर हात ठेवतो.

बटण टायर म्हणजे सुट्या उंच गुटक्यांचा. मऊ मातीत गुटका रुततो आणि पकडतो, त्याचं काम ते. हायवेवर ऐंशीच्या वेगाला मात्र सगळं वजन त्या मोजक्या गुटक्यांवर येतं. प्रत्येक गुटका रस्त्याला टेकताना वाकतो, सुटताना घासतो. रबर तापतं, कडा झिजतात, हँडलला गुणगुण लागते आणि पावसात काँक्रीटवर ब्रेक लावला की पोटात गोळा येतो. चंडीगडपर्यंत मधले गुटके निम्म्यावर येतात आणि जिथे त्यांची गरज होती तिथे तुम्ही अर्धवट बटणं घेऊन पोचता. मागे वहिनी बसणार आहेत आणि पावसाळा जाताना-येताना दोन्ही वेळा भेटणार आहे. अशा ट्रिपला बटण टायर हा महागडा हट्ट आहे. एकट्याने झंस्करच्या कच्च्या वाटा धुंडाळायला निघाला असता तर मीच घालून दिला असता.

आता मित्राच्या म्हणण्याकडे येऊ. ‘आहेत तेच जातील’ हे वाक्य मी फार ऐकतो, आणि कधीकधी ते खरंही असतं. म्हणून अंदाजाने बोलू नका, मोजा. नक्षीची खोली मोजायचा छोटा गेज ऑनलाइन स्वस्तात मिळतो. मागच्या टायरच्या अगदी मधोमध तीन-चार ठिकाणी मोजा, कडेला नाही. कडा नेहमी नव्यासारख्या दिसतात आणि तिथेच फसगत होते. समजा नवा असताना मध्ये ७ मिलिमीटर नक्षी होती आणि आज ३ आहे. अकरा हजारांत ४ मिलिमीटर गेली. साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, ‘टीडब्ल्यूआय’ अशी अक्षरं किंवा छोटा त्रिकोण असतो. त्याच्या सरळ रेषेत खाचेच्या तळाशी रबराचा उंचवटा दिसेल. नक्षी झिजून त्या उंचवट्याला टेकली की टायर संपला. तो उंचवटा साधारण एक मिलिमीटरच्या आतबाहेर असतो, म्हणजे तुमच्या हातात वापरण्याजोगी राहिली दोनच मिलिमीटर. आजवरच्या हिशेबाने ती साडेपाच हजार चालतील. तो हिशेब मात्र सांगलीतल्या एकट्याच्या फिरण्याचा आहे. डबलसीट, लगेज आणि चाळिशीपारचं ऊन यात धरलेलं नाही. टायर तुम्हाला कारगिलच्या पुढेमागे सोडून देईल.

शिवाय पातळ झालेला टायर पंक्चर जास्त होतो. नव्या टायरमध्ये घुसलेला बारीक खिळा कित्येकदा रबरातच अडकून राहतो आणि ट्यूबपर्यंत पोचत नाही. नक्षी दोन मिलिमीटरवर आली की तोच खिळा थेट आत. टायरच्या आयुष्यातली बहुतेक पंक्चरं शेवटच्या तुकड्यात होतात, हे कुठल्याही पंक्चरवाल्याला विचारा. तो शेवटचा तुकडा मनाली-लेहच्या वाटेवर, सरचू-पांगच्या मध्ये घालवण्यात अर्थ नाही.

पुढच्या टायरचं वेगळं आहे. तो हळू झिजतो. सारखंच चालवलं तर मागच्याच्या दीडपट-दुप्पट टिकतो. पण त्याची झीज डोळ्यांपेक्षा हाताला आधी कळते. गाडी मेन स्टँडवर घ्या, कुणाला तरी मागून दाबून पुढचं चाक उचलून धरायला सांगा, इंजिन बंद ठेवून ते हाताने फिरवत नक्षीवरून तळवा फिरवा, आधी एका दिशेने, मग उलट. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागलं तर गुटक्यांच्या कडा एका बाजूने खाल्ल्या गेल्यात. हवा कमी ठेवून चालवलेल्या आणि पुढचा ब्रेक जोरात मारणाऱ्यांच्या गाड्यांवर हे हमखास सापडतं. मग नखाने रबर दाबा. ताजं रबर किंचित दबतं आणि परत येतं. उन्हात उभं राहून वाळलेलं रबर दगडासारखं लागतं, आणि खाचांच्या तळाशी केसासारख्या भेगा दिसतात. नक्षी कितीही शिल्लक असो, असा पुढचा टायर ओल्या रस्त्यावर तुम्हाला सोडणार. यातलं काहीच नसेल आणि नक्षी निम्म्याच्या वर असेल तर पुढचा राहू द्या, पैसे वाचतील.

इथे ‘टिकाऊ’ या मागणीबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण दुकानात ती एकाच अर्थाने घेतली जाते: कडक रबर. कडक रबर जास्त चालतं, खरं आहे. डिलिव्हरीवाले, दूधवाले यांना तेच हवं असतं आणि त्यांच्यासाठी ते बरोबरही आहे. पण कडक रबर थंडीत आणि पाण्यात पकड सोडतं. तुमच्या ट्रिपमध्ये एकाच आठवड्यात राजस्थानातला तापलेला रस्ता आहे आणि बारालाचा खिंडीतला गोठवणारा वाराही. जुलैच्या मध्यावर परत याल तेव्हा सेंधव्यापासून खाली आपल्याकडचा पाऊस असेल आणि रस्त्यावर ट्रकने सांडलेलं डिझेल. फक्त किलोमीटर बघून घेतलेला टायर तिथे दगा देतो. याच्या उलट टोकाला स्पोर्ट बाइकचे मऊ टायर. पकड सुरेख, पण सहा हजारांत डबलसीटने त्यांचा गोटा होईल. तुम्हाला मधला हवा: टूरिंगचा, शक्यतो मध्ये जरा कडक आणि कडेला मऊ असं दुहेरी रबर असलेला. प्रत्येक मापात असा मिळत नाही, मिळाला तर आधी तो बघा.

नक्षी बघताना मधोमध काय आहे ते पाहा. मध्ये सलग किंवा जवळजवळ सलग रबराचा पट्टा असेल तर सरळ हायवेवर टायर हळू झिजतो आणि गाडी रेषेत चालते. कडेला मोठे ठोकळे आणि रुंद खाचा असतील तर खडीत आणि चिखलात तेवढा आधार पुरतो. ‘ऐंशी-वीस’ म्हणजे ऐंशी टक्के रस्ता, वीस टक्के कच्चं, असं म्हणून जे टायर विकले जातात ते यातलेच. आकडा फार मनावर घेऊ नका, तो ज्याचा त्याने ठरवलेला असतो. नक्षी स्वतः बघा.

आता माप. नव्या क्लासिक ३५०चा पुढचा टायर १००/९०-१९ आणि मागचा १२०/८०-१८. जुन्या मॉडेलची मापं वेगळी आहेत, म्हणून आपल्या टायरवर वाचूनच घ्या. १२० म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये, ८० म्हणजे उंची रुंदीच्या किती टक्के, १८ म्हणजे रिम किती इंची. त्यापुढे ६२पी असं काहीतरी असतं आणि ते कुणीच वाचत नाही, लांबच्या प्रवासाला खरं कामाचं तेच. ६२ हा वजनाचा अंक: हा टायर २६५ किलोपर्यंत भार घेतो. पी म्हणजे ताशी १५० किलोमीटरपर्यंतचा वेग. वेगाची चिंता तुम्हाला नाही. वजनाची आहे.

तुमची गाडी सुमारे १९५ किलोची, त्यातलं निम्म्याहून थोडं जास्त मागच्या चाकावर येतं. तुम्ही दोघं मिळून १४० धरू. सॅडलबॅग, मागची बॅग, पाणी, हत्यारं मिळून २५. मागे बसलेल्या माणसाचं आणि मागच्या बॅगेचं जवळपास सगळं वजन मागच्या टायरवर, चालवणाऱ्याचं निम्म्याहून जास्त. बेरीज सव्वादोनशेच्या जवळ जाते. २६५च्या आत आहे, पण टायरची ही क्षमता पुरेशी हवा असतानाची आहे. हवा पाच-सहा पीएसआय (गेजवर दिसणारं दाबाचं माप) उतरली की क्षमताही उतरते, साइडवॉल प्रत्येक फेऱ्याला जास्त दुमडते आणि आतून तापते. त्यात खड्ड्यात आदळलात की तेवढ्या क्षणापुरतं वजन दुपटीच्या वर जातं. म्हणून वजनाचा अंक मूळच्यापेक्षा कमी असलेला टायर कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. सारखा किंवा जास्त चालेल.

माप वाढवून रुंद टायर घालायचा मोह अनेकांना होतो, बुलेटवाल्यांना जरा जास्तच. मागून दिसायला भारदस्त दिसतो. पण त्याच रिमवर रुंद टायर बसवला की तो चिमटला जातो, मधला भाग उंच होतो, रस्त्याला टेकणारा पट्टा उलट अरुंद होतो आणि मध्येच झिजतो. चेनकव्हरला किंवा मडगार्डला घासला तर ते कळतं पहिल्या मोठ्या खड्ड्यात, डबलसीट असताना. कंपनीचंच माप ठेवा.

तारीख बघायला विसरू नका. साइडवॉलवर लंबगोल चौकटीत चार आकडे असतात: १४२५ असेल तर २०२५ सालचा चौदावा आठवडा. सहा महिन्यांच्या आतला मिळाला तर उत्तम, वर्षाच्या आतला चालेल. दोन वर्षं गोडाऊनमध्ये पडलेला टायर ‘ऑफर’ म्हणून पुढे केला जातो, तो परत करा. आयएसआयचा शिक्का असायला हवा. आणि रिमोल्ड म्हणजे जुन्या सांगाड्यावर नवी नक्षी चिकटवलेला टायर, तो गावातल्या गावात फिरणाऱ्यानेही घेऊ नये असं माझं मत आहे. उन्हात लांबवर जाणाऱ्याला तर तो देऊच नये.

ब्रँड विचारलाच जाणार म्हणून सांगतो. एमआरएफ, सिएट, टीव्हीएस युरोग्रिप, अपोलो यांचे टायर आज चांगले येतात आणि त्यांचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे इंदूर, जयपूर, चंडीगड कुठेही मिळतात. एमआरएफचा मीटिओर बुलेटवाल्यांमध्ये लडाखसाठी बराच चालतो. त्याचे ठोकळे मोठे आहेत, थोडा आवाज करतो. मिशेलिन, पिरेली यांचे टायर ओल्या रस्त्यावर सरस वाटतात, पैसेही त्या मानाने जास्त. अडचण अशी की जो टायर पुढच्या मापात मिळतो तो मागच्या मापात मिळेलच असं नाही. दोन्हींची कंपनी वेगळी असली तरी चालतं, पण एक रेडियल (आतल्या धाग्यांची रचना वेगळी असलेला) आणि एक साधा अशी जोडी लावू नका. दोघांच्या साइडवॉल वेगवेगळ्या वाकतात आणि वळणात गाडी पोहल्यासारखी वाटते. तुमच्या गाडीचं मूळचं मॉडेल अकरा हजार नीट चाललं असेल, कुरबुर नसेल, तर डोळे झाकून तेच परत घाला. कंटाळवाणं उत्तर आहे, मला माहीत आहे.

ट्यूबलेसचं म्हणाल तर फायदा खरा आहे. खिळा घुसला तर ट्यूब भसकन बसते, ट्यूबलेसमधून हवा हळू जाते आणि रस्त्याच्या कडेलाच पंक्चरची दोरी घालून दहा मिनिटांत निघता येतं. डबलसीट असताना मागची ट्यूब अचानक बसणं ही साधी गोष्ट नाही. तुमच्या मॉडेलला बसणारी कंपनीची अलॉय चाकं घ्यायची ऐपत आणि इच्छा असेल तर घ्या, मी विरोध करणार नाही. अलॉय जोरात आदळलं तर वाकतं किंवा तडकतं आणि स्पोकसारखं वाटेत ठोकून सरळ होत नाही, एवढं लक्षात ठेवा. मात्र स्पोकच्या रिमला आतून टेप किंवा सीलंट लावून ट्यूबलेस करून देणारे असतात, ते ट्रिपच्या तोंडावर मुळीच नको. एखाद्या स्पोकच्या टोकाशी हवा झिरपायला लागली तर तुम्ही ती लेहच्या वाटेवर मोरे प्लेन्सच्या ओसाड पठारावर शोधत बसणार. स्पोकच्या रिमवर ट्यूबलेस टायर आत ट्यूब टाकून चालतो, त्यात काही बिघडत नाही. फक्त त्याच्या कडा घट्ट असतात आणि रस्त्यात टॉमीने, म्हणजे टायर काढायच्या लोखंडी पट्टीने, काढताना घाम निघतो.

टायर घ्याल तेव्हा ट्यूबही नवी घ्या, त्याच मापाची, ब्युटाइल रबराची. जुनी ट्यूब ताणून सैल झालेली असते. नव्या टायरमध्ये तिची घडी पडते आणि घडीवर ती फाटते. बसवताना स्वतः उभे राहा. आधी रिममध्ये बोट फिरवून बघायला सांगा. स्पोकचं टोक वर आलं असेल तर घासून घ्यावं लागतं, आणि रिम टेप फाटलेली असेल तर नवी. ट्यूबला टाल्कम पावडर लावून, जराशी हवा भरून मग आत घालायची, म्हणजे ती पिळली जात नाही आणि टॉमीखाली चिमटत नाही. टायरवरचा बाण फिरण्याच्या दिशेने. पिवळा ठिपका असेल तर तो वॉलजवळ (वॉल म्हणजे हवा भरायचा व्हॉल्व्ह), कारण टायरची ती बाजू हलकी असते. हवा भरल्यावर रिमला लागून टायरवर जी बारीक रेषा दिसते ती सगळीकडून सारख्या अंतरावर हवी. कुठे आत गेलेली दिसली तर टायर नीट बसला नाही, हवा काढून परत. शेवटी वॉलचा नट: तो रिमवर आवळून टाकायची पद्धत आहे, ती चुकीची. तो वर, टोपीखाली घ्या. मग टायर रिमवर सरकला तर वॉल तिरका झालेला तुम्हाला दिसेल आणि वेळेत कळेल. नट आवळलेला असेल तर काहीच दिसत नाही, वॉल मुळाशी फाटतो आणि त्या ट्यूबला पॅच लागत नाही. रोज सकाळी वॉल सरळ आहे ना, एवढं बघायला दोन सेकंद लागतात.

हे सगळं निघायच्या किमान पंधरा दिवस आधी करा. नवं रबर पहिले शंभर-दीडशे किलोमीटर निसरडं असतं, तेवढं जपून चालवा, जोरात ब्रेक आणि झुकून वळणं नकोत. चारपाचशे किलोमीटर झाले की बसवण्यात काही चूक असेल ती घराजवळच बाहेर येते. त्याच वेळी स्पोक ताणून घ्या आणि चेन सेट करताना मागचं चाक दोन्ही बाजूंनी सारख्या खुणेवर आहे ना ते बघा.

आता हवा. टिकाऊपणातला माझ्या मते निम्मा वाटा हिचा, आणि ती जवळजवळ फुकट आहे. किती भरायची ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं, एकट्याचं वेगळं आणि डबलसीटचं वेगळं. तुम्ही पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत डबलसीटचा आकडा ठेवा. स्वतःचा गेज बाळगा. पंपावरचे गेज एकमेकांशी भांडतात. हवा सकाळी, गाडी हलवायच्या आधी तपासायची. दुपारी तीन वाजता कोट्याच्या आसपास तपासलीत तर तीन-चार पीएसआय जास्त दाखवेल, आणि पंपावरचा पोऱ्या ‘गरमी आहे, थोडी सोडू का’ विचारेल. सोडू देऊ नका. ते वाढलेलं प्रेशर टायरने धरलेलं आहेच. ती हवा काढलीत तर टायर आणखी दुमडतो, आणखी तापतो. उन्हाळ्यात हवा कमी ठेवायची हा गैरसमज दरवर्षी किती टायर फोडतो ते हायवेच्या कडेला पडलेल्या चिंध्या बघून कळतं. नायट्रोजनसाठी वेगळे पैसे देऊ नका, साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच.

उंचीवर काय करायचं हा प्रश्न हमखास येतो. वर बाहेरच्या हवेचा दाब कमी, म्हणून गेज जास्त दाखवतो. लेहच्या अलीकडची तांगलांगला खिंड ५,३२८ मीटरवर आहे. तिथे बाहेरचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा. खाली ३२ भरलेत आणि तापमान तेच राहिलं तर वर ३९ दिसेल. पण तापमान तेच राहत नाही. खाली सकाळी ३५ अंश होतं, वर ५ आहे. थंडीने आतली हवा आकसते आणि त्या ७ पीएसआयमधले चारएक परत जातात. प्रत्यक्षात ३२चे ३४-३५ होतात. एवढ्यासाठी काही करायचं नाही. वाळूत किंवा नाल्यातल्या गोट्यांवर गाडी फारच उसळत असेल तर तीन-चार पीएसआय कमी करू शकता, पण मागे वजन असताना त्याहून खाली नको, नाहीतर धारदार दगडावर रिम आणि दगडाच्या मध्ये ट्यूब चिमटते आणि सापाच्या दातांसारखी दोन भोकं शेजारी-शेजारी पडतात. आणि खाली उतरल्यावर परत भरा. झोजीला उतरून जम्मूच्या उकाड्यात कमी हवेवर येणाऱ्या गाड्या असतात, त्यांच्या साइडवॉलवर आडव्या सुरकुत्या दिसतात.

वेगाबद्दल एकच. या गाडीला लगेज आणि डबलसीटसह ऐंशी हा सुखाचा वेग आहे. दुपारी बारा ते चारमध्ये त्याहून वर जाऊ नका. दर शंभरेक किलोमीटरला थांबता तेव्हा मागच्या टायरला तळवा लावून बघा. गरम लागणार, पण हात ठेवता आला पाहिजे. ठेववत नसेल तर हवा कमी आहे किंवा वजन जास्त.

बरोबर काय न्यायचं: पुढची आणि मागची एकेक ट्यूब. जागा नसेल तर पुढची १९ इंची एकच घ्या, अडीअडचणीला ती मागच्या १८ इंची चाकातही बसवून जवळच्या गावापर्यंत जाता येतं. दोन-तीन टॉमी, मागचं चाक काढायचा पाना, पॅच आणि सोल्यूशन, बॅटरीवर चालणारा छोटा पंप आणि तो बिघडला तर म्हणून हातपंप. निघण्याआधी घरच्या अंगणात एकदा मागचं चाक स्वतः काढून, ट्यूब बाहेर घेऊन परत बसवा. मनालीच्या पुढचं तांडी सोडल्यावर लेहकडे पेट्रोलपंपसुद्धा शेकडो किलोमीटर नाही, पंक्चरवाल्याची काय वाट बघता. ट्यूबमध्ये आधीच सीलंट भरून घेऊ नका. बारीक भोक बुजतं, पण मोठं पडलं की आत सगळा चिकटा होतो आणि त्यावर पॅच धरत नाही. टायरलाच मोठा काप गेला तर आतून गेटर, म्हणजे जाड रबराचा तुकडा, टाकून हळूहळू मोठ्या गावापर्यंत या; गेटर टाकलेला टायर तेवढ्यापुरताच. काप साइडवॉलला असेल तर गेटरचाही भरवसा धरू नका, चाक टेम्पोत टाका.

जुना टायर मागे बांधायची गरज नाही. चार-पाच किलोचं धूड सगळ्यात मागे आणि उंचावर बांधून तुम्ही नव्या टायरवरचंच वजन वाढवता, आणि वाऱ्यात गाडी डुलते. तुमच्या मापाचा टायर हवाच झाला तर जयपूर आणि चंडीगडला मिळेल. वाट वाकडी करायची तयारी असेल तर दिल्लीच्या करोल बागेत बुलेटचं सगळंच मिळतं. लेहमध्ये नेमका तुमचा टायर मिळेल असं गृहीत धरू नका, म्हणून मनाली सोडायच्या आदल्या संध्याकाळी नक्षी, कडा आणि वॉल एकदा नीट बघा. शंका आली तर कुलू किंवा मंडीपर्यंत मागे या, एक दिवस गेला तरी हरकत नाही. घरी ठेवलेला जुना टायर सावलीत, उभा ठेवा. मोटरच्या किंवा इन्व्हर्टरच्या शेजारी नको, तिथल्या ओझोनने रबर तडकतं. नक्षी तीन मिलिमीटर असेल तर पावसाळा संपल्यावर गावातल्या फिरण्यासाठी तो पुन्हा घालता येईल.